चेंडू कुणाचा

दोन पोरं झाली, चार वर्षं गेली, आणि दवाखान्यातली ती नर्स पुन्हा व्हॉलीबॉल खेळायला निघाली. तिच्या बुटात पोरांनी खडू कोंबले होते, गुडघ्याचं पॅड बाहुलीची गादी झालं होतं. त्यात नवरा धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभा. "याचा मोजा कुठंय गं?"

"त्याच्या पायात," म्हणत ती तणतणत बाहेर पडली.

मैदानावर नियम जुनाच होता. ज्याला चेंडू घ्यायचा त्यानं "माझा" म्हणून ओरडायचं. पहिल्याच चेंडूला तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली एकदम ओरडल्या, "माझा!"

तिचं टाळकं सटकलं. "भांडू नका गं. तू मोठी आहेस ना? दे तिला."

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या आणि चेंडू मधोमध आपटला. कप्तानानं कपाळावर हात मारला. "बाई, आईपण घरी ठेवून यायचं."

पुढचा चेंडू थेट तिच्याकडेच आला. बाकावर तिचा फोन कोकलत होता. दुसरा मोजा हरवला असणार. घरात चार वर्षांत मैदानावरचा तो एक शब्द तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता.

"माझा," ती अशी कडाडली की पलीकडच्या संघानंही हात खाली घेतले.