तळहातावरची गार हवा

आकाशाला भोक कुणी पाडलं हे जगातल्या शास्त्रज्ञांना शोधावं लागलं असेल. आम्हा बुऱ्हाणपूरकरांना गुन्हेगाराचा पत्ताच ठाऊक आहे. लालबाग, पाण्याच्या टाकीसमोर. तिथे माझे मामा फ्रीज दुरुस्त करतात, आणि ओझोनच्या थराला पडलेलं भोक ही आपल्याच हातची करामत आहे, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

समजुतीला आधार आहे. नवा गॅस भरण्याआधी जुना हवेत सोडून द्यायचा, ही पूर्वी सगळ्याच मिस्त्र्यांची रीत. त्यात मामा हौशी. पाइप कापताना ते आम्हा पोरांना रांगेत उभं करायचे आणि सुटणारा गॅस आमच्या तळहातांवर सोडायचे. भर एप्रिलात हात गारठायचे. पुढे कुठल्याशा प्रशिक्षणात मामांना कळलं, की हाच गॅस वर जाऊन ओझोन खातो, आणि मग उन्हातले घातक किरण अडवायला कुणी उरत नाही. त्या दिवशी मामा घरी परतले ते छत्री उघडून. मामी म्हणाली, "छत तुम्हीच फोडलं, आता छत्रीनं काय होते?"

"पण भोक दक्षिण ध्रुवावर आहे, मामा," मी धीर दिला.

"मंग तं अजून वाईट! गॅस सोडला मी लालबागेतून, आन् सजा त्या पेंग्विनला? त्याच्या घरी फ्रीज तरी है का?"

तेव्हापासून मामा जुना गॅस यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेतात. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. नव्या फ्रीजांत ओझोन खाणारा गॅस नसतो; तसला गॅस असलेला जुना फ्रीज आता त्यांच्या माहितीत एकच उरला होता, राजपुऱ्यात आमच्या घरी. "हा शेवटचा. याचा गॅस मीच काढणार, मंग मी सुटलो," असं त्यांनी मला दहादा बजावलं होतं.

यंदा एप्रिलात तो बंद पडला. घरात पाहुणे, आणि मामा लग्नाला जैनाबादला. म्हणजे फक्त तापीपलीकडे. फोन केला असता तर तासाभरात आले असते. मी दुसरा मिस्त्री बोलावला. त्याने सरळ पाइप कापला.

दुसऱ्या दिवशी, फ्रीज बंद पडल्याचं ऐकून, मामा गॅस भरून न्यायला रिकामा सिलिंडर घेऊन आले. कापलेल्या पाइपावरून त्यांनी नुसतं बोट फिरवलं. मला फार लाज वाटली.

"चुकलं, मामा. आणि गॅस सुटला तेव्हा मी... हात पुढे केला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "गार लागलं?"

"लागलं."

"ते तं मीच शिकवलं ना तुला," मामा म्हणाले, आणि तेवढं भोकही स्वतःच्या माथी घेऊन, छत्री उघडून लालबागकडे निघाले.