एरिकच्या जॅकेटमधलं बियाणं

डुमना विमानतळाच्या रस्त्याला लागलो आणि एरिक सहज बोलून गेला, "बियाणं मी जॅकेटच्या खिशात ठेवलंय."

मी चमकून त्याच्याकडे वळले.

एरिक आमच्या प्रोजेक्टचा परदेशी पार्टनर. मी जबलपूरला वनस्पतींवर संशोधन करते. तळ्याकाठी आपोआप उगवणारं जंगली धान, म्हणजे रानभात, वाढत्या उष्म्यात कसं तग धरतं, हे दोन्ही देशांत एकाच वेळी तपासायचं होतं. ग्रोथ चेंबर, म्हणजे तापमान हवं तेवढं ठेवता येणारी बंद खोली, दोघांकडेही होती. पण इथलं बियाणं संशोधनासाठी परदेशी न्यायला सरकारची परवानगी लागते. आमचा अर्ज अजून अडकलेला होता.

"एरिक, परवानगी आलेली नाही."

"मूठभर तर आहे! आत्ता पेरलं नाही तर चेंबरमधली माझी पाळी हुकेल, माझं वर्ष गेलं."

खरंच होतं ते. त्याचं वर्ष गेलं की आमच्या प्रोजेक्टचं एक्स्टेन्शनही लटकणार, आणि त्यावर माझ्या दोघी असिस्टंटच्या नोकऱ्या अवलंबून. मी आमच्या विभागप्रमुख सरांना फोन लावला. सर मूळचे नागपूरचे.

"मॅडम, तुम्ही काहून एवढं ताणून राहिल्या? पाहुणा माणूस आहे. जाऊ द्या न."

"आणि पकडलं तर?"

"अच्छा, बघा तुमचं तुम्ही. मला विचारलंच नाही, असं समजा."

मी ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, थोड़ा धीरे." दोन मिनिटांनी पुन्हा तेच म्हटलं. विमानतळ यायचा तो आलाच.

"ते बियाण्याचं पाकीट दे, एरिक."

"तू मला चोर समजतेस?"

"नाही. पण तू सापडलास तर प्रोजेक्ट संपला, आणि मीही."

त्यानं पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि मागे न बघता आत गेला.

कित्येक आठवडे त्याची मेल नाही. मी रोज इनबॉक्स उघडत राहिले. इथल्या चेंबरमध्ये आम्ही आमच्या वाट्याची पेरणी उरकली. परवानगी आली तेव्हा त्याची चेंबरमधली पाळी निघून गेली होती. एक्स्टेन्शन मिळालं, पण तोकडं. एका असिस्टंटला सोडावं लागलं. तिला ते मीच सांगितलं.

पुढच्या वर्षी एरिक रीतसर बियाणं घेऊन गेला. आमचं जमलं, पूर्वीइतकं मोकळं मात्र नाही.

आता मी परवानगी हातात पडल्याशिवाय कुठल्याही पाहुण्याला तिकीट काढू देत नाही.