माइंड मॅप आणि आम्ही आया

असोद्याहून जळगावच्या शाळेत मुलांना सोडायला आम्ही आया एकाच रिक्षाने जातो. कोणाच्या घरी काल काय झालं ते आज सगळ्यांना कळतं, मग किस्से साठणारच. यंदाचे बरेचसे माइंड मॅपचे.

पाचवीच्या मुलांना मॅडम डिझाइनचे प्रोजेक्ट देतात. आधी कागदावर मधोमध गोल, गोलात विषय, मग सुचतील तशा फांद्या, आणि शेवटी त्यावरून वस्तू बनवायची. मी सातवी शिकलेली, मला ऐकूनच घाम फुटला. त्यात माझी स्वरा वर्गात तोंड उघडत नाही. आणि शेवटचा मॅप तर प्रत्येकाने सगळ्यांपुढे उभं राहून समजावून सांगायचा होता.

*

पालकसभेत मॅडम म्हणाल्या, "माइंड मॅपमध्ये काहीच चुकत नसतं."

शेजारी आमच्या रिक्षातली रेहानाभाभी होती. ती म्हणाली, "मॅडम, असं नका करू. आमच्या अरमानला काहीच न चुकण्याची सवय नाही."

*

पहिला विषय होता जेवणाचा डबा. स्वराने डावीकडे चार फांद्या काढल्या, उजवीकडे तीनच. माझा हात रांगोळीचा, मला ते बघवेना. ती झोपल्यावर मी उजवीकडे चौथी फांदी काढली. सुचलं काहीच नाही, म्हणून डावीकडचंच 'झाकण' परत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "स्वरा, डब्याला दोन झाकणं?"

स्वराने नुसती मान डोलावली. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "आता मला दोन झाकणांचा डबा बनवायचाय."

*

नंतर दप्तराचा मॅप आला. तेव्हा माझे वडील धुळ्याहून आले होते. जमिनीवर पसरलेला कागद बघून आबांचा चेहराच उतरला. "हाई कोननी वाटणी शे व माय?"

म्हटलं, "आबा, शेताची वाटणी नाही, स्वराचं दप्तर आहे. ही वह्यांची जागा, ही पाण्याच्या बाटलीची."

आबांनी बाटलीच्या फांदीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मंग पानी एकलालेच काबर दिधं? भांडणं व्हतीन."

*

मग तो समजावून सांगायचा दिवस आला. विषय होता, घरातल्या एका माणसाची अडचण. आम्ही पालक मागच्या बाकांवर. स्वराने मला मॅप दाखवलाच नव्हता. ती उठली तशी मी रेहानाभाभीचा हात घट्ट धरला.

कागदावर मधोमध लिहिलेलं होतं, 'आई'.

बारीक आवाजात का होईना, पण स्वरा बोलायला लागली. "सगळ्यांच्या आया रिक्षाने परत जातात. माझी आई शाळा सुटेपर्यंत गेटसमोर उभी राहते. तिचे पाय दुखतात, ऊन लागतं. म्हणून मी तिच्यासाठी लोखंडी स्टूल काढलंय. वर छत्री आहे."

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मी तोंडाला पदर लावला, पण छातीवरचा दगड उतरला होता. पोरगी बोलत होती, थांबत नव्हती!

मॅडम म्हणाल्या, "त्यापेक्षा आईला घरी जा म्हणून सांगितलं तर?"

"सांगितलं. जात नाही."

"बरं. पण साधं प्लास्टिकचं चाललं असतं की. लोखंडी कशाला?"

"दहावीपर्यंत टिकायला पाहिजे ना."