खांद्यावरचं लोखंड

१७ डिसेंबर १९८६, बुधवार. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी हिरामण गजभिये पांढुर्ण्याच्या स्टेशनकडल्या वॉर्डात खड्ड्यात वाकून नळाचा वॉल उघडत होता. कानांवर मफलर, हातात चार फुटी लोखंडी किल्ली. साडेपाचला वॉल बंद करायचा, किल्ली खांद्यावर टाकायची, नदी ओलांडून सहाला पल्याडच्या गल्लीला पाणी सोडायचं. नऊ वर्षं हे रोजंदारीवर चाललं होतं. आता कायम करायच्या यादीत त्याचं नाव होतं आणि यादी शुक्रवारी छिंदवाड्याला जाणार होती.

तो पल्याड पोचला तेव्हा त्या गल्लीतले रघुनाथराव आपल्या अंगणातच उभे होते. त्यांचा तांब्याचा बंब चोरीला गेला होता. त्यांच्या आई केसरबाईंनी खिडकीतून चोर पाहिला होता. मफलर बांधलेला, खांद्यावर लांब लोखंड. घड्याळात सव्वापाच.

"अंधारात लोखंड घेऊन या गावात दुसरं कोण फिरते?" रघुनाथराव म्हणाले. "बंब कुठी ठेवला, हिरामण?"

"मी तं आत्ता येऊन राहिलो, जी."

गावानं त्याला चेहऱ्यानं कधी ओळखलंच नव्हतं. ते लोखंड दिसलं की बाया गुंड, म्हणजे पाण्याच्या कळशा, घेऊन नळाकडे धावत, एवढीच ओळख.

लेखी तक्रार झाली. नगरपालिकेचे ओव्हरसियर म्हणाले, "किल्ली ठेवून जा. उद्या दोन्हीकडचं ऐकतो. पण तक्रार राहिली तर यादीत नाव घालता येणार नाही."

हिरामणची बायको प्रमिला त्या दुपारी स्टेशनकडल्या वॉर्डात घरोघर फिरली. साक्षीला कोणी येईल असं हिरामणला वाटत नव्हतं. नळवाल्याच्या वाट्याला शिव्याच येतात.

गुरुवारी अकरा वाजता नगरपालिकेत अकरा बाया आल्या. पुढे वच्छला ढोके, रोज सर्वांत जास्त भांडणारी.

"वॉल हातानंच उघडते ना, साहेब? आमच्या मालकाले तिगावले ड्यूटीवर जायचं असते, मी घड्याळ पाहूनच गुंड लावतो. पाचदहाले धार पडली. साडेपाचपर्यंत हा खड्ड्यापाशीच बसून होता अन् मी याले शिव्या देऊन राहिली होती."

"शिव्या कायले?" ओव्हरसियरनी विचारलं.

"धार बारीक सोडते मेला! पाच मिनटांत दोन मैल जाऊन बंब उचलाले याले काय पंख हायेत?"

सगळे हसले. लेकासोबत आलेल्या केसरबाई हसल्या नाहीत.

"रघू, मी तोंड नाही पाह्यलं," त्या म्हणाल्या. "खांदा पाह्यला. भिंत खणायची सब्बलही असन ते."

सत्तरीतल्या बाईनं लेकाच्या देखत आपला शब्द मागं घेणं सोपं नव्हतं. रघुनाथरावांनी तक्रारीचा कागद परत मागितला आणि हिरामणला म्हणाले, "चुकलं माह्यं." हिरामणनं आधी केसरबाईंना हात जोडले, मग त्यांना.

किल्ली परत खांद्यावर टाकून बाहेर आल्यावर तो बायांना म्हणाला, "मले वाटे, तुमाले फक्त पाणी दिसते. घरचं काम टाकून आल्या, बाई. हे मी इसरत नाही."

"मंग धार मोठी सोडजो!" वच्छलाबाई म्हणाल्या.

"ते माह्या हाती नाही. टाकीच लहान हाय."

बंब सापडला नाही. यादी आज, शुक्रवारी गेली, तीत हिरामणचं नाव सातवं आहे. उद्या शनिवारी स्टेशनकडल्या वॉर्डातला वॉल नेहमीसारखा साडेपाचला बंद होईल, वच्छलाबाईंचा गुंड भरलेला असो वा नसो.