मंद्रूपच्या काकांचा आवाज

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचा शेक घेतलेले आम्ही पाच-सहा जण सोलापुरात तपासणीला भेटतो. त्यातल्या मंद्रूपच्या काकांचं नाव मला अजून माहीत नाही. बाजारात शेळ्या विकून त्यांचा आवाज दणदणीत झालाय.

डॉक्टरीणबाई तरुण, म्हणून आम्ही सगळे ‘बरं आहे’ म्हणून निघतो. मीही त्या दिवशी तसंच सांगून बाहेर आलो. मग काका आत गेले. दार उघडंच राहिलं.

“बाई, लघवीला लई आग व्हतीय. काल हुडहुडी भरून ताप आला. धोतर बी भिजतंय की.”

“सांगितलंत ते बरं केलंत. इन्फेक्शन असेल, लघवी तपासू.”

बाहेर आमच्या माना खाली. काका मात्र हातात रिकामी डबी घेऊन ताठ बाहेर आले.

माझ्या पिशवीत बदलायची पँट होती. मी पुन्हा नंबर लावला.