बांधावरचा पत्ता

"मॅडम, पत्र द्यायचंय, पण पत्ता बांधावरचा हाय आणि बांधावर दोघं उभं हायत," आमचा पोस्टमन संजय फोनवर सांगत होता. "एक म्हनतो हितंच दे. दुसरा म्हनतो, हितं देऊन तर बघ."

मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका गावात पोस्टमास्तर आहे. गावाचं नाव सांगत नाही. मला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

सुरुवात माझ्यापासून झाली, हे आधीच कबूल करते. इंग्रजांच्या काळचा पोस्टाचा कायदा जाऊन नवा आला. पत्ता कसा लिहायचा हे सरकार ठरवू शकेल, असं त्यात एक कलम आहे. मागोमाग डिजिटल कोड आला. देशाच्या नकाशाचे साधारण चार-चार मीटरचे चौकोन पाडलेत, प्रत्येक चौकोनाला अक्षरं-आकड्यांचा एक कोड. मोबाईल घेऊन दारात उभं राहिलं की तो दिसतो. आमच्याकडे निम्मं गाव शेतातल्या वस्त्यांवर राहतं आणि पत्ता म्हणजे 'विहिरीच्या पुढं, डाळिंबाच्या अलीकडं'. मला कोड फारच आवडला. ग्रामसभेत उत्साहाच्या भरात मी बोलून गेले, "आता तुमच्या पत्त्याला कायद्याचा आधार आहे!"

आमच्या गावात कायदा आणि जागा एका दमात उच्चारलं की माणसं घरी जाऊन सातबारा काढतात.

तात्या आणि हणमंतराव हे चुलत भाऊ. दोघांच्या डाळिंबांच्या मधल्या बांधावरून त्यांचा जुना वाद. दुसऱ्या दिवशी तात्या घर सोडून थेट बांधावर जाऊन उभे राहिले आणि तिथला कोड घेतला. हणमंतरावांना कळल्यावर तेही धावले. बांध जेमतेम दोन हात, चौकोन चार मीटरचा. दोघांना एकच कोड मिळाला आणि दोघांनीही तो वहीत जपून लिहून ठेवला.

तात्यांची मुलगी प्रियांका पुण्यात नर्स. तिनं सरकारी नोकरीचा अर्ज भरला तेव्हा पत्ता तात्यांनी सांगितला, अर्थातच बांधाचा. आता तिची नेमणुकीची ऑर्डर स्पीड पोस्टानं आली होती.

संजयचा फोन ठेवून मी स्कूटी काढली आणि बांधावर गेले.

"तात्या, घर समोर दिसतंय. तिथं घ्या की पत्र."

"न्हाय. सही हितं व्हायची. संजयच्या मोबाईलात जागेची नोंद हितली पडायची. सरकारी डाक हितं पोचली, म्हंजी जागा कुनाची ते सरकारनंच सांगितलं."

"हितं पोचली तर मी लेखी हरकत घेनार," हणमंतराव म्हणाले. "ह्यो कोड माझा बी हाय."

"कोड कुणाचाच नाही! तो जागेचा नंबर आहे, मालकाचा नव्हे."

"मग ग्रामसभेत कायद्याचा आधार कुनी सांगितला?"

हे मात्र दोघं एका सुरात म्हणाले.

संजय पत्र घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. शुक्रवारी प्रियांकाचाच फोन आला. आवाज रडवेला.

"मॅडम, ट्रॅकिंगला पत्र गावातच अडकलेलं दिसतंय. सोमवारी मूळ ऑर्डर घेऊन हजर व्हायचंय, नाहीतर पुढच्या नंबरवाल्याला बोलवतील. तात्या म्हणतात, दम धर, बांधावरच घेऊ."

मला संताप आला. पोरीनं कंत्राटी नोकरी करत अभ्यास केला आणि इथं दोन म्हातारे दोन हात मातीसाठी अडून बसलेत. नियम साधा आहे. पत्र ज्याच्या नावाचं, त्यानं ओळखपत्र दाखवून पोस्टातून न्यावं. बापाची परवानगी नव्या कायद्यात लागत नाही, जुन्यातही लागत नव्हती.

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं.

शनिवारी ती पहिल्या एसटीनं आली. ओळखपत्र दाखवून सही केली. पाकीट फोडून तिनं कागद दोनदा वाचला, माझ्या पाया पडली आणि त्याच पावली पुण्याला परतली.

तासाभरात दोघं भाऊ हजर. तात्या पुढं, हणमंतराव दारात.

"पत्र दिलंत म्हनं?"

"दिलं. तुमच्या मुलीच्या हातात."

मी भांडणाची तयारी करून बसले होते. तात्यांनी टोपी काढून डोकं पुसलं.

"पोरगी काय म्हनली?"

"सोमवारी हजर होते म्हणाली."

"ते लई बेस झालं." मग त्यांनी काउंटर, कपाट, भिंती अशी नजर फिरवली. "म्हंजी मोबाईलात डिलिव्हरीची जागा हितली पडली?"

"हो, इथलीच."

"मग ह्या पोस्टाच्या जागंत आमचा काय हक्क निघतोय का, बघा की जरा."

हणमंतराव झटकन आत आले. "निघत आसंल तर निम्मा माझा."

प्रियांका सोमवारी रुजू झाली. बांधाचा वाद चालूच आहे. मी एवढंच शिकले, की लोकांना कायदा समजावण्याआधी त्यांच्या शेजारी कुणाची जमीन आहे, ते विचारून घ्यावं.