डाव्या हाताचा क्लच

लोखंड माझ्या हाताचं ऐकतं. हे मी नम्रपणाने सांगणार नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात नम्रपणाचा काही उपयोग नाही.

नव्वदीची मधली वर्षं. हिमायतनगरच्या आमच्या घराच्या फाटकाआत एक जुनी जीप उभी असे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोकरीत असताना सरकारी खात्याच्या लिलावातून घेतलेली. खात्याने ती निकामी ठरवली होती. अण्णा म्हणत, "खात्याने तर मलाही दोनदा निकामी ठरवलंय." शेजारचे एक वयस्क मियाँ रोज फाटकाशी थांबून गाडीकडे बघत आणि मान हलवत. "साब, दुनिया में नई-नई गाड़ियाँ आ रैं, आप ये लोहा कायकू घिस रैं?" अण्णा ग्रीसगन न थांबवता म्हणत, "नई गाड़ी में मेरे कू काम नईं रैता, मियाँ."

अण्णांकडून मी ग्रीस द्यायला शिकलो, बाकीचं माझं मी. फरशीचा गंजलेला पत्रा कापून नवा मी बसवला. उन्हाळ्यात उकळी येणारा रेडिएटर मी दोनदा खोलला आणि त्यानंतर तो कधी उकळला नाही. ताईसाठी दाराखाली एक बुटकी पायरी जोडली, बसायची गादी उंचावली, धरायला नळीचा दांडा लावला. मोजमाप एकदा घ्यायचं, तेही तिला बसवून. माझी एकही वेल्डिंग सुटली नाही.

ताई माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठी. लहानपणी आम्हा दोघांना एकाच आठवड्यात ताप आला होता. माझा उतरला. तिचाही उतरला, पण जाताना तिचा डावा पाय घेऊन गेला. यात माझा दोष नव्हता, हे मला कळत होतं. पण आई माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणायची, "तू तिचा पाय हो बरं." मी झालो. शाळेत दप्तर, जामबागच्या कॉलेजात ने-आण, पुढे युनिव्हर्सिटी. मला स्वतःचे मित्र फारसे नव्हते आणि त्याचं कारण विचारायची कुणाची हिंमत नव्हती, कारण ते सगळ्यांना दिसत होतं. ते कुबडी घेऊन माझ्या शेजारी चालत असायचं.

त्या वर्षांत शहराबाहेर खडकाळ माळांवर खाजगी इंजिनियरिंग कॉलेजं उगवत होती. इमारत आधी, रस्ता नंतर, बस त्याच्याही नंतर. अशाच एका कॉलेजात ताईला गणित शिकवायची नोकरी लागली. दसऱ्याची सुट्टी संपली की रुजू व्हायचं होतं. मुख्य रस्ता सोडल्यावर कॉलेजापर्यंत नुसते दगड आणि खड्डे. रिक्षावाले नाही म्हणत. आमची जीप मात्र पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जोडला की तिथून आरामात चढायची.

मी जेवताना जाहीर केलं, "मी नोकरी सोडतो. सकाळी ताईला पोचवीन, संध्याकाळी आणीन." संगणक दुरुस्तीच्या एका कंपनीत तेव्हा मी होतो, बरं चाललं होतं. आईचे डोळे भरून आले. अण्णांनी वरण वाढून घेतलं. ताई म्हणाली, "मला ड्रायव्हर नकोय. मला क्लच हवाय."

उजव्या पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तिला जमत होते, अडायचं ते डाव्या पायाच्या क्लचवर. परवान्याच्या खटपटी अण्णांनी आधीच उरकल्या होत्या. निवृत्त सरकारी माणसाला याहून आवडतं काम नसतं. सराव आम्ही रविवारी मोकळ्या माळावर करायचो. ती स्टिअरिंगवर, मी शेजारी. ती "दाब" म्हणाली की मी माझा उजवा पाय तिरका ताणून क्लचचं पेडल दाबायचो, ती गिअर बदलायची, "सोड" म्हणाली की सोडायचो. दोघं मिळून एक ड्रायव्हर. मला ते फार आवडायचं. किती आवडायचं, हे तेव्हा मी स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

पेडलाऐवजी हाताने ओढायचा दांडा करायचा, असं ठरलं. बेगम बाजारातून जाड नळी आणि दाराची एक भक्कम खिट्टी आणली. दांडा डाव्या हाताने मागे ओढला की पेडल खाली जाई, खिट्टी त्याला तिथेच अडकवून ठेवी, तेवढ्यात तोच हात गिअर बदली, मग खिट्टी उचलून दांडा हळूहळू पुढे सोडायचा. कल्पना माझी, काम माझं, आणि आजही सांगतो, काम उत्तम होतं. दांड्याला पेडलशी जोडणारी सळी कुठे अडकवावी म्हणून मी खाली-वर दोन छिद्रं पाडली. वरच्या छिद्रात पिन घातली की दांडा जड, पण पेडल पार खालपर्यंत जाई. खालच्या छिद्रात दांडा हलका, पण पेडल कमी जाई आणि क्लच पूर्ण न सुटल्यामुळे गिअर करकरे. त्यावर उपाय सोपा होता. सळीच्या टोकाचा नट थोडा आवळून ढील काढायची. नवमीच्या आदल्या दिवशी, घरात कुणी नसताना, मी तेही करून बघितलं. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला. गिअर आवाज न करता पडला.

मी गाडीत बसून राहिलो थोडा वेळ. मग नट सैल केला आणि पिन पुन्हा वरच्या छिद्रात घातली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पूर्वी गावाकडे कुळव, कोयते, विळे मांडत, शहरात आल्यावर अण्णांचे पाने, जॅक, ग्रीसगन आणि पक्कड. पाटावर लाल कापड, हळद-कुंकू, झेंडू. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हत्यारांना विश्रांती. एरवी मी पूजेला शेवटचा पोचणारा. त्या वर्षी सगळे पाने घासूनपुसून सकाळीच पाटावर मांडून मोकळा झालो. आई म्हणाली, "यंदा बरी अक्कल आली."

दुपारी ताई दांडा बघायला आली. कुबडी टेकवून ठेवली, चढून बसली, ओढायला लागली. अर्ध्यावरून दांडा परत पुढे गेला. पुन्हा ओढला. पुन्हा. कपाळावर घाम आला.

"जड आहे," ती म्हणाली.

"क्लचच जड आहे. मिलिटरीच्या माणसांसाठी बनवलेली गाडी."

"काही करता येईल?"

"बघू. आता पाने पूजेत आहेत. उद्या सीमोल्लंघनाला मीच चालवतो. नंतर सवडीने बघू."

"परवा मला रुजू व्हायचंय."

"मी आहे ना."

ती वाकून दांड्याच्या बुडाशी बघत राहिली. गणित शिकवणारं माणूस वाकून बघायला लागलं की ते कशासाठी बघतंय, हे विचारायची गरज नसते.

"दोन छिद्रं का?"

"एक असंच. अंदाजासाठी."

"अंदाजाच्या छिद्राला ग्रीस लागलंय. आणि कड घासलीय." तिने बोट पुसलं. "खालच्यात घालून बघितलंस?"

नाही म्हणणं सोपं होतं. गिअर करकरतो, हे अर्धं सत्य तयारच होतं जिभेवर. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, छिद्राकडेच बघत होती, आणि त्यामुळे मला बोलता आलं.

"बघितलं. चालतं."

"चांगलं?"

"फार चांगलं."

"मग काढलंस कशाला?"

मी म्हणालो, "तू गेलीस की मी काय करू?"

आयुष्यात मी तिच्याशी इतकं खरं बोललो नव्हतो. तिला राग आला, तो दिसला. मग ती हसली, बरं वाटावं असं नाही. "मला वाटायचं तू मला उचलतोयस," ती म्हणाली. "तू तर टेकलायस माझ्यावर."

ती कुबडी घेऊन तडक देवघरात गेली. मी मागोमाग. तिने पाटावरचा पाना उचलला तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अगं ए. ठेव तो. उद्यापर्यंत शिवायचा नाही."

"पूजा झाली ना, आई? मग प्रसाद घेतेय."

"पान्याचा कसला प्रसाद? अहो, बघा ही काय करते."

अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले, "कोणत्या नंबरचा घेतलायस?"

ताईने वाचून सांगितला.

"तो नाही. त्याच्या शेजारचा घे."

आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "देवीला नमस्कार करून घे. आणि काम झालं की जिथला तिथे ठेव. मेली नास्तिकं सगळी."

ताईने नमस्कार केला आणि हळदीने पिवळा झालेला तो पाना माझ्या हातात ठेवला. गाडीखाली शिरणं तिला शक्य नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी शिरलो. पिन खाली घेतली, नट आवळला. वरून ती विचारत होती, "झालं?" मी अजून थोडा आवळला. कुंकू माझ्या बोटांवरून नटाला लागलं. "ओढ आता," मी म्हणालो, आणि माझ्या डोक्यावर सळी सरकली, खिट्टी अडकली, गिअर पडला. काही करकरलं नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघनाला तीच आम्हाला घेऊन गेली. आई मागच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. अण्णा पुढे बसून उगाच सूचना देत होते, आणि ताई "हौ, हौ" म्हणत एकही ऐकत नव्हती. शमीच्या झाडाशी पानं वाटताना तिने मलाही दिली, इतरांना दिली तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने तयार होऊन जीपपाशी उभा राहिलो. ती आली, पदर खोचला, चढली. मी शेजारी बसलो. गल्ली, वळण, मोठा रस्ता. दांडा मागे, खिट्टी, गिअर, दांडा पुढे. माझा उजवा पाय आपोआप ताणला जात होता, मी तो हाताने मांडीवर दाबून धरला. मला आनंद झाला होता असं मी लिहिणार नाही. मला राग आला होता, तिचा आणि माझ्या चांगल्या कामाचाही.

बसस्टॉपपाशी तिने गाडी कडेला घेतली.

"का थांबलीस?"

"तुझं ऑफिस आहे ना?"

"मी सांगितलंय त्यांना, सोडतोय म्हणून."

"मग जाऊन सांग, नाही सोडत."

मागून एक रिक्षावाला भोंगा वाजवत होता. मी उतरलो. तिने आरशात बघितलं, मान वळवून पुन्हा एकदा बघितलं, मी शिकवलं होतं तसं, आणि गाडी पुढे काढली. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना जीपला जो हिसका बसायचा, माझ्या पायाने तो कधीच टळला नव्हता. तिच्या हाताने तो बसला नाही.

माझी बस आली तेव्हा बसमध्ये गर्दी होती. मी दांडा धरून उभा राहिलो आणि साहेबांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करू लागलो.